दारापासून स्टेजपर्यंत बासष्ट पावलं

३ सप्टेंबर, गुरुवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. कवळी रोज किती तास बसवली, कुठे टोचली, जेवताना हलली का, बोलताना शिट्टी वाजते का, हे सगळं लिहून पंधरा दिवसांनी दाखवायचं. शाळा सुटल्यापासून मी सलग चार ओळी लिहिलेल्या नाहीत. पण बाईंच्या हातात पक्कड होती, म्हणून मान डोलावली.

तर बाई, आज तुम्ही माझे वरचे पुढचे चार दात काढलेत. वर्षभर हलतच होते. तुमच्या कागदावर धंदा ‘वाद्यदुरुस्ती’ असा लिहिलाय, तो खरा आहे. लॉन्ड्री आणि चावीवाला यांच्या मधल्या गाळ्यात माझं दुकान आहे. पण एकतीस वर्षं मी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये क्लॅरिनेट वाजवतोय, ते तुम्ही विचारलं नाहीत. आमचं तिघांचं पथक आहे. मी, की-बोर्डवर माझा भाचा, आणि ड्रमवर माझा मित्र पैलवान. त्याला पैलवान म्हणतात कारण तो फुंकरीने उडेल. वाजवताना क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वरचे दात टेकवावे लागतात. सगळा डोलारा त्या पुढच्या दातांवर. ते आज तुमच्या ट्रेमध्ये पडले होते.

निघताना दारात विचारलं, “वाजवता येईल ना?”

“तीन महिने अजिबात नाही. हिरड्या भरून येऊ देत. मग पक्की कवळी करून बघू.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

माझ्या मुलीचं, बिट्टीचं, रिसेप्शन दहा ऑक्टोबरला आहे. सदतीस दिवस उरलेत. हे मी बाईंना सांगितलं नाही, आणि बाईंचं बोलणं घरी बायकोला सांगितलं नाही. म्हणजे ही वही बाईंना दाखवायची सोय राहिली नाही. त्यांच्यासाठी दुसरी करीन, तिच्यात नुसती कवळी. ही माझ्यापाशी राहील.

६ सप्टेंबर, रविवार

व्याही मंडळी चहाला आली होती. मी सगळा वेळ तोंडावर हात धरून बसलो, नव्या नवरीसारखा. स म्हटलं की शिट्टी वाजते. आणि समोर बसलेल्या विहीणबाईंना तर ‘संध्याकाळी साडेसातला सुरू’ हेच सांगायचं होतं.

विहीणबाई वाईट नाहीत. नीट समजुतीनं बोलल्या. “आमच्या धाकट्याचा मित्र डीजे आहे हो. सगळं तयार असतं त्याच्याकडे. नवरीच्या वडलांनी त्या दिवशी कशाला राबायचं? तुम्ही आरामात बसा.”

मी तोंड उघडायच्या आत बिट्टी म्हणाली, “बाबा वाजवणार नसतील तर मला रिसेप्शनच नको.”

होणारे जावई कपात बघत राहिले. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे काहीतरी बोला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मंडळी, माझे दात गेलेत, डीजे बोलवा, एवढंच वाक्य होतं. पण मुलगी सासरच्या माणसांसमोर बापासाठी असं बोलते तेव्हा बापाच्या तोंडून काय निघणार? मी म्हटलं, “बघू या.” डॉक्टरीणबाईंचाच शब्द.

दात होते तेव्हा चणे नव्हते. बाकी काय लिहू?

९ सप्टेंबर, बुधवार

हॉल चालून आलो. बिट्टी लॅबमधून अर्धी रजा टाकून आली होती.

ही माझी पद्धत आहे. बाकीचे लोक आधी गाणी ठरवतात, मी आधी हॉल चालतो. नवरा-नवरी दारातून आत येतात तेव्हा आमच्याकडे ड्रम नाही, की-बोर्ड नाही, एकटी क्लॅरिनेट. चौदा पावलांना एक श्वास. सूर असा मोजून आणायचा की नवरीचा पाय स्टेजच्या पहिल्या पायरीवर पडला की शेवटचा स्वर पडला पाहिजे. दुसरे लोक काहीतरी वाजवत राहतात आणि जोडी वर चढली की आवाज हळूहळू खाली नेतात. त्याला मी लबाडी म्हणतो. अकराशेच्या वर जोड्या मी अशा स्टेजवर पोचवल्या. एकही अधांतरी सोडली नाही.

उंच टाचांचे बूट पिशवीत आणायला सांगितले होते, ते घालून बिट्टीला चालवलं. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि एक बाई लादी पुसत होती. बिट्टी लहानपणी मोजायची तशी मोठ्यानं मोजत गेली. बासष्ट. चार श्वास, आणि पाचवा सहा पावलांचा. सोपं काम. दात असते तर झोपेतही केलं असतं.

“बाबा, दुखतं का अजून?”

“छे.”

“खरं सांगा.”

“अगं दात गेलेत, फुप्फुसं आहेत जागेवर.”

ती हसली. लादी पुसणारी बाईसुद्धा हसली. मला मात्र हसू आलं नाही.

१२ सप्टेंबर, शनिवार

तीन महिने थांबायला सांगितलं होतं, मी नऊ दिवस थांबलो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली.

सूर नाहीच. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. फुंकलं की कवळी खाली येते, दाबलं की हिरडीत कळ उठते, ओठ आवळले तर बाजूनं हवा निसटते. एकदा चिरकली तेव्हा शेजारच्या चावीवाल्याचं मशीन थांबलं.

दुकान पाच पावलांचं आहे. चालत चालत वाजवून मोजलं. दोन पावलं.

वाद्य पुसून पेटीत ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिलो. मी घाबरलोय. कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. लोक म्हणतात मास्तर शांत आहेत. मास्तर शांत नाहीत.

१५ सप्टेंबर, मंगळवार

अक्कल चालवली. माउथपीसवर बुचाच्या लाकडाची पातळ चकती चिकटवली म्हणजे कवळी घसरत नाही. रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टी, घेतली सगळ्यात मऊ, शिकाऊ पोरांना देतात ती. आणि कवळीला चिकटवायची पेस्ट, सांगितलीय त्याच्या दुप्पट.

सकाळी चार पावलं. दुपारी सात. पंचवीस दिवस आहेत अजून. रोज तीन पावलं वाढली तरी मी बासष्टच्या पुढे, हॉलच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडेन.

बायकोला सांगितलं, दुकानात काम फार आलंय. ती शाळेच्या ऑफिसात दिवसभर लोकांची खोटी कारणं ऐकते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडत राहिली.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

गाण्यांची यादी केली. पाहुणे जमताना हलकं काहीतरी. दारापासून स्टेजपर्यंत मी एकटा. मग भेटीगाठींची रांग, तिला सव्वा तास तरी धरावा लागतो, कारण विहीणबाईंची माणसं अडीचशे आहेत आणि प्रत्येकाला फोटो हवाय. जेवताना ड्रम नको, नुसता की-बोर्ड. शेवटी नाचायचं असेल त्यांना नाचू द्यावं. विहीणबाईंनी तीन गाणी सांगितली, जावयांनी पाच, त्यांच्या धाकट्या बहिणीनं अकरा. बिट्टीनं एकही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, “तुम्ही वाजवाल ते.”

आज नऊ पावलं. परवाही नऊच होती.

२१ सप्टेंबर, सोमवार

नऊ.

लॉन्ड्रीवाला इस्त्री थांबवून म्हणाला, “मास्तर, सकाळी तुमची मुलगी आली होती. शटरबाहेर उभी होती बराच वेळ. तुमची शिकवणी चालली होती ना आत, म्हणून नसेल आली.”

“शिकवणी?”

“ते नवीन पोरगं कोण धरलंय तुम्ही? रागावू नका, पण त्याचं काही खरं नाही.”

मी म्हटलं, “हळूहळू येईल त्याला.”

“तुमच्या हातात लोखंडाचं सोनं होतं हो, पण लोखंड तरी पाहिजे,” असं म्हणून त्यानं माझ्याच शर्टावर पाणी शिंपडलं.

एकतीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकणारा माणूस. त्याला मी ओळखू आलो नाही. दुपारी डबा उघडला नाही. एक समाधान मात्र आहे. त्याला शिकाऊ पोरगं वाटलं म्हणजे बिट्टीलाही तेच वाटलं असणार. देव पावला म्हणायचं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

बाजारातून येताना बिट्टी दिसली, भाच्याच्या जिन्यावरून उतरत होती. डोळे लाल. मला बघून दचकली. “सर्दी झालीय बाबा,” म्हणाली. जावयांशी काही बिनसलं असेल. लग्नाआधी होतं असं. भाऊ नाही म्हणून आतेभावाकडे मन मोकळं करायला गेली असेल. मी खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी भाचा दुकानात आला. “मामा, ते जुनं रेकॉर्डिंग द्या ना. बारा वर्षांपूर्वी तुम्ही स्टुडिओत केलेलं. नुसत्या क्लॅरिनेटचं.”

“कशाला?”

“स्टेजमागे पडद्यावर बिट्टीचे लहानपणचे फोटो दाखवायचेत. त्याच्याखाली लावू.”

कल्पना चांगली आहे. देण्याआधी थोडं ऐकलं. अर्ध्या मिनिटात बंद केलं. वाजवणारा माणूस चांगलाच होता. श्वास कुठे घेतो ते शोधावं लागतं. त्याचा मला इतका राग आला की तो दुकानात आला असता तर मी त्याला बस म्हटलं नसतं.

२७ सप्टेंबर, रविवार

भाच्याकडे तालीम. त्याचा कान फार तिखट आहे. एरवी माझा स्वर केसभर खाली गेला तरी “मामा” म्हणून बघतो. आज मी सोळा वेळा चिरकलो आणि तो प्रत्येक वेळी म्हणाला, “छान, मामा.” पोरगा बत्तीस वर्षांचा झाला, मोठ्यांची अदब आता कुठे येतेय.

पैलवान मात्र बिघडलाय. सरळसोट ठेक्यात चुकला. माझ्याकडे बघेना. उतरताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, “मास्तर, मला खोटं नाही जमत.”

“अरे, लय थोडी सुटली एवढंच. वय झालं आपलं.”

“मी लयीबद्दल बोलत नाही.”

“मग?”

तो बुटाची नाडी बांधायला बसला. त्याच्या बुटाला नाडी नाही, वेल्क्रो आहे. वेल्क्रो दोनदा काढला, दोनदा लावला. मग म्हणाला, “काही नाही. चला.” त्याला पथक सोडायचं असेल आणि माझ्या घरच्या कार्याआधी सांगवत नसेल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, हे एक होऊ दे, मग मीही विचार करतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

३० सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी कवळी काढली, आत बघितलं, आणि दिवा बाजूला सारला.

“तुम्ही वाजवताय.”

मी छताकडे बघितलं.

“दोन ठिकाणी जखमा आहेत. खालचं हाड झिजतंय. आत्ता थांबलात तर पक्की कवळी नीट बसेल, आणि सहा-आठ महिन्यांनी, मी खात्री देत नाही, पण वाजवू शकाल. असेच वाजवत राहिलात तर टेकायला काही राहणारच नाही. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

“दहा दिवस, बाई.”

“तुमच्या मुलीला कळेल ना, समजावून सांगितलं तर?”

यांना लग्नाचं कुणी सांगितलं? बायको असणार. म्हणजे तिला सगळं माहीत आहे आणि तिनं भाजी निवडत राहायचं ठरवलंय.

येताना पुलावर थांबून विचार केला. विचार कसला, ठरलेलंच होतं. एकीकडे पुढची सगळी वर्षं, तीही ‘बघू’वाली. दुसरीकडे बासष्ट पावलं. एकदा वाजवायचं आणि मग कधीच नाही, असं कुणी कागदावर लिहून दिलं तर मी सही करीन. लोकांच्या अकराशे मुली पोचवल्या. स्वतःची कुणा दुसऱ्याच्या भरवशावर चालत जाणार?

५ ऑक्टोबर, सोमवार

अकरा पावलं. हेच माझं सगळ्यात पुढचं ठिकाण. यापुढे जाणार नाही, हे मला दुकानात उभं राहून स्वच्छ कळलं. अकरा पावलं, मग फुस्स, मग कवळी दाबायची, मग पुन्हा. बिट्टी तोवर हॉलच्या मध्यावर उभी, सगळे तिच्याकडे बघतायत आणि मग माझ्याकडे.

आज तिला सांगायचंच म्हणून घरी लवकर गेलो. ती उरलेल्या आमंत्रणांची पाकिटं चिकटवत होती. मी समोर बसलो. “बिट्टी, समजा मला...”

“बाबा, तुम्ही वाजवणार.” तिनं वर बघितलं नाही. “मी सगळं ठरवलंय. तुम्ही काही काळजी करू नका.”

“ऐकून तर घे.”

तिनं डिंकाचा हात तसाच माझ्या हातावर ठेवला. “तुमच्याशिवाय मी त्या दारातून आत येणार नाही. आता याच्यावर बोलायचं नाही.”

एवढा विश्वास माणसावर कुणी ठेवू नये. त्याखाली माणूस चिरडतो. हाताला डिंक तसाच घेऊन मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

८ ऑक्टोबर, गुरुवार

हॉलवर आवाजाची चाचणी. साउंडवाला नवीन आहे, भाच्यानं आणलाय. तो माझ्याशी कमी आणि भाच्याशी कोपऱ्यात जास्त बोलला. मग माझ्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवला. “मास्तर, हा फक्त तुमच्यासाठी. यातनं तुम्हाला तुमचंच ऐकू येईल. बाहेरच्याकडे लक्ष नका देऊ.”

वाजवलं. आश्चर्य म्हणजे बरं आलं. फाटलेल्या जागाही जरा भरल्यासारख्या. हॉलचा गुण असेल, छत उंच आहे. भाच्यानं की-बोर्ड पडद्याकडे तोंड करून लावलाय, त्याची बोटं दिसत नाहीत. का म्हटलं तर म्हणे वायर पुरत नाही. मी दहा मीटरची वायर देतो म्हटलं, तर साउंडवाला म्हणाला, राहू द्या.

पैलवान आला नाही. ताप आहे म्हणे.

११ ऑक्टोबर, रविवार

झालं. वाजलं. मी बासष्ट पावलं वाजवली.

कसं लिहू ते कळत नाही. दार उघडलं, बिट्टी आत आली आणि मी डोळे तिच्या पायांवर ठेवले. पहिला श्वास गेला. आजूबाजूला जे वाजत होतं तसं मी महिनाभरात ऐकलं नव्हतं. मग कानात नुसतं रक्त धावत होतं, बाहेरचं काही कळेना. चाळिसाव्या पावलाच्या आसपास कवळी सुटली. क्लॅरिनेट खाली घेतली, अंगठ्यानं कवळी वर दाबली, क्लॅरिनेट परत लावली. दोन-तीन पावलांचा खेळ. मेलो असं वाटलं. पण बिट्टी अडखळली नाही, कुणी वळून बघितलं नाही, माणसं हसतच होती. पायरीवर तिचा पाय पडला आणि स्वर पडला. बरोबर.

लोक येऊन येऊन सांगत होते. विहीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “डीजेचं बोलले ते विसरा हो.” चावीवाला, लॉन्ड्रीवाला सहकुटुंब आले होते. लॉन्ड्रीवाला म्हणाला, “त्या पोराला आणायचं होतं ऐकायला.” सगळे म्हणाले, दहा वर्षांपूर्वीचे मास्तर परत आले. पैलवान तेवढा काही बोलला नाही. ताप उतरला नसेल.

रुमाल लाल झाला होता, तो मी खिशात कोंबला. बिट्टी जाताना गळ्यात पडून इतकी रडली की जावयांना काय करावं कळेना. मला कशाचंही दुःख नाही. हिरडीचं तर नाहीच.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, खाण्यापुरती कवळी करता येईल. वाजवण्याचं आता मनातून काढा.

मी म्हटलं, “काम झालं बाई.” त्यांनी पहिल्यांदाच मला खुर्चीतून उठायला हात दिला.

२५ ऑक्टोबर, रविवार

व्हिडिओवाल्यानं रिसेप्शनचं चित्रीकरण आणून दिलं. बायको भाजी आणायला गेली होती. मी एकट्यानं लावलं.

दार उघडलं. बिट्टी आली. क्लॅरिनेट सुरू झाली आणि मला स्वतःचाच हेवा वाटला. मग चित्र माझ्यावर आलं. कपाळावर घाम, गाल फुगलेले. आणि मी क्लॅरिनेट खाली घेतली, अंगठा तोंडात घातला, कवळी दाबली.

सूर चालूच होता.

तिथे परत नेलं. मी अंगठा तोंडात घालून उभा आहे, चेहरा भेदरलेला, आणि हॉलभर माझी क्लॅरिनेट वाजतेय, एक स्वरही न हलता. पाच वेळा बघितलं. सहाव्या वेळी माझ्याकडे न बघता बाकी सगळं बघितलं. बिट्टीचे डोळे जावयांकडे नव्हते, पाहुण्यांकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. ती पहिल्या पावलापासून भाच्याकडे बघत होती. मी वाद्य खाली घेतलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. सूर चालू राहिला तसा तिनं श्वास सोडला.

माझी मुलगी बासष्ट पावलं भीत भीत चालली. माझ्या वाजवण्याला भीत.

बायको आली तेव्हा टीव्ही बंद होता. कसं आलंय, म्हणाली. छान आलंय म्हटलं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

भाच्याकडे गेलो. त्यानं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाला.

“दाराचं वाजव,” मी म्हटलं.

“मामा...”

“वाजव.”

त्यानं की-बोर्ड लावला आणि माझा श्वास, माझे स्वर त्या डब्यातून बाहेर आले. बारा वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमधून एकेक स्वर कापून त्यानं एकेका पट्टीवर बसवलाय. पंधरा दिवस खपला असेल. मी श्वास घेतो त्या जागीही थांबत होता. काम चोख आहे, मीच शिकवलंय.

“यातला प्रत्येक सूर तुमचाच आहे, मामा. मी फक्त बोटं ठेवली.”

“माझा माइक?”

“तुमच्या पायाशी जात होता तेवढाच. बाहेर बंद होता.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि हे कुणी ठरवलं?”

तो शर्टाच्या टोकानं पट्ट्या पुसत राहिला. “ती इथे बसून रडत होती, मामा. शटरबाहेर ऐकलं तिनं. म्हणाली, बाबांना नको म्हणणं मला जमणार नाही, आणि अडीचशे लोकांत त्यांचं हसं झालेलं बघवणार नाही. मी तरी काय करणार होतो?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. दाद कुणाकडे मागायची? माझ्याकडे तर दातही नाहीत. त्याच्या कानफटात मारावी असं वाटलं आणि त्याच वेळी त्यानं काम किती नीट केलंय हेही वाटलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला जन्मभर पुरलं असतं. मला कळलंय हे बिट्टीला सांगायचं नाही, एवढं वचन घेतलं आणि जिना उतरलो. पैलवानाच्या घरावरून आलो, पण वर गेलो नाही. बिचारा सांगत होता.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दुकान उघडलं नाही. बायकोनं का ते विचारलं नाही. तिनंही ऑफिसात कळवून सुट्टी घेतली आणि दिवसभर घरात माझ्या आसपास राहिली.

मी म्हणायचो, आवाज हळूहळू खाली नेणं ही लबाडी. अकराशे परक्या मुलींना मी खरं वाजवून पोचवलं. माझी एकटीच अशी, जिच्यासाठी मी एकही स्वर वाजवला नाही. आणि ज्याच्यापायी उरलेला श्वास दिला ते कुणाच्या कानावरही पडलं नाही. मी ते एकटा ऐकत होतो, पायाशी.

१ नोव्हेंबर, रविवार

बिट्टी आणि सासरची मंडळी जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी विषय काढला. जावयांच्या धाकट्या बहिणीचं ठरलंय, जानेवारीत. “आम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय, वाजवायचं ते तुम्हीच. तसं मी कुठे ऐकलंच नाही हो. नाही म्हणायचं नाही.”

मी बिट्टीकडे बघितलं. तोच चेहरा, व्हिडिओतला. पाण्याचा ग्लास तोंडाशी तसाच राहिला होता.

“बाबा दमतात हो आता,” ती म्हणाली. घाईघाईनं म्हणाली.

“दमायला काय झालं, एवढं सुंदर...”

“विहीणबाई,” मी म्हटलं, “ते माझं शेवटचं होतं. लेकीचं वाजवायचं आणि ठेवायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. भाचा वाजवेल तुमच्याकडे. तो माझ्यापेक्षा चांगला आहे.”

विहीणबाई हळहळल्या. जावई म्हणाले, असं कसं, बाबा. बायको ताटं गोळा करायला लागली.

मंडळी बाहेरच्या खोलीत गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बिट्टी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. पाणी फार जोरात सोडलं होतं.

“त्या दिवशी चांगलं वाजलं ना?” मी विचारलं.

“फार चांगलं, बाबा.”

“मग झालं तर.”

तिनं नळ बंद केला. वळली नाही. “तुम्ही खरंच सोडणार?”

“हो.”

मी तिच्या बाजूला उभा राहिलो. नका सोडू, एवढं ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. ती म्हणाली नाही. तिनं धुतलेला कप माझ्यापुढे धरला आणि मी फडकं घेऊन तो पुसायला लागलो.